पिशव्या राखायला कुणी थांबायचं नाही

आर्या, निहार,

गेल्या रविवारी सोनवणेबाईंच्या शोकसभेला गेले होते. तिथून आल्यापासून मला राग आलाय. चार दिवस वाट पाहिली, उतरेल म्हणून. उतरला नाही. तेव्हा तो नीट कागदावर काढायचं ठरवलं. वाचताना कुठे अडलंत तर बाबाला विचारा, पण सगळं त्याच्याकडून वाचून घेऊ नका. हे तुम्हाला लिहिलंय.

सोनवणेबाई म्हणजे आपल्या इमारतीतल्या पहिल्या मजल्यावरच्या वत्सलाआजी. आर्या, तू सहा वर्षांची असताना तिने तुला जिन्यात अडवून विचारलं होतं, "कशावर उभी आहेस?" तू खाली बघून म्हणालीस, "चपलेवर." पुढे वर्षभर ती हे भेटेल त्याला सांगत होती. तुमच्यासाठी ती माझ्यासारखीच आजी, पण मी तिला एकतीस वर्षं अगं-तुगं करत आले, म्हणून इथेही 'ती' असंच लिहिते.

आधी शोकसभेचं सांगते. गंगापूर रोडवरचा एक हॉल. तिचा मुलगा अभिजित अमेरिकेहून आला होता, सून श्वेता आणि दोन मुलींना घेऊन. पडद्यावर वत्सलाचे फोटो एकामागून एक येत होते. लग्नातला, शाळेतला, निवृत्तीच्या दिवशीचा. शेवटचा फोटो आला तेव्हा हॉलमध्ये एकदम "अरे वा" झालं. मागे नारिंगी, धगधगता लाव्हा. पुढे माणसं हसत उभी. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'आईचं स्वप्न पूर्ण झालं.' अभिजित माइकपाशी आला. म्हणाला, "आईला आयुष्यभर लाव्हा पाहायचा होता. मागच्या वर्षी आम्ही तिला हवाई बेटांवर घेऊन गेलो. तेवढं एक समाधान आहे."

माझ्या शेजारच्या बाई म्हणाल्या, "भाग्यवान हो. हल्ली कोण नेतं?"

मी फोटोतली माणसं मोजली. अभिजित, श्वेता आणि त्यांची मोठी मुलगी. पुन्हा मोजली. तीनच होती. वत्सला त्या फोटोत नव्हती. दीडशे माणसं त्या फोटोकडे बघत होती आणि ज्या बाईसाठी सभा भरवली ती फोटोत नाही, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मीही उठून बोलले नाही. जन्मभर वर्गात मुलींना 'सिट डाउन' सांगत आले, आणि उभं राहायची वेळ आली तेव्हा बसून राहिले.

आता क्रमाने सांगते.

मी शाळेत इंग्रजी शिकवायला लागले तेव्हा वत्सला तिथे आधीपासून भूगोल शिकवत होती. मूळची सटाण्याकडची. बोलणं आपल्यासारखंच, पण राग आला की घरची अहिराणी बाहेर यायची. "मी काय येडी शे का?" असं तिने विचारलं की शिपायापासून मुख्याध्यापिकेपर्यंत सगळे गप्प. आणि राग तिला रोज यायचा. नकाशावर भारत हिरवा आणि समुद्र पांढरा छापला म्हणून यायचा, खडू ओला निघाला म्हणून यायचा. मला ती नावाने कमी आणि "इंग्रजी" म्हणून जास्त हाक मारायची. "ए इंग्रजी, डबा उघड."

नववीच्या वर्गात पहिल्या दिवशी ती हजेरी घ्यायची नाही. एका मुलीला उठवायची.

"कशावर उभी आहेस?"

"फरशीवर, बाई."

"फरशीच्या खाली?"

"माती."

"मातीच्या खाली?"

 मग वत्सला टेबलावर आपल्या पर्समधला एक काळा दगड ठेवायची. "हा आहे खाली. मुंबईनाका असो की सटाणा, खणलंस की हाच. आणि हा एके काळी वाहत होता. काकवीसारखा." मुली हसायच्या. काळा कातळ आणि वाहणार? ती हसू द्यायची. मग म्हणायची, "हसून झालं? आता चला बघायला."

बघायला म्हणजे ब्रह्मगिरीवर. दरवर्षी डिसेंबरात ती नववीच्या मुलींना एसटीने त्र्यंबकला न्यायची आणि पायऱ्या चढायला लावायची. वर कड्यात लाव्ह्याचे थर दिसतात, एकावर एक, आणि मध्ये कुठे कुठे लाल पट्टा. एक लाव्हा आला, थंड झाला, त्याची माती झाली. मग वरून दुसरा आला आणि ती माती विटेसारखी भाजून निघाली. तो लाल पट्टा पाहिल्याशिवाय तिची एकही मुलगी दहावीला गेली नाही.

माझी आणि तिची खरी ओळख त्या पायऱ्यांच्या पायथ्याशी झाली. माझं पहिलंच वर्ष. चाळीस मुलींच्या पिशव्या, डबे, पाण्याच्या बाटल्या. मला वाटलं, मी व्यवस्थित आहे हे दाखवावं. एका मुलीला म्हटलं, "सुरेखा, तू इथे पिशव्यांपाशी बस." सुरेखा लगेच बसली. वत्सला दहा पायऱ्या वर होती. तिथून खाली आली.

"ही का बसलीय?"

"पिशव्या राखायला."

"कुणी सांगितलं?"

"मी."

"हिलाच का सांगितलं?"

 उत्तर तिनेच सगळ्यांसमोर दिलं. "कारण ही नाही म्हणणार नाही, हे तुला बघताक्षणी कळलं. प्रत्येक सहलीत एक अशी असते, इंग्रजी. तिने कधीच काही पाहिलेलं नसतं. ऊठ गं सुरेखा. माझ्या सहलीत पिशव्या राखायला कुणी थांबायचं नाही."

"आणि माकडांनी नेल्या तर?" मी चिडून विचारलं.

"नेऊ देत."

नेल्या. खाली आलो तेव्हा पायथ्याशी पोळ्यांचे तुकडे, फुटक्या बाटल्या आणि एका झाडावर कुणाची तरी वेणीची रिबीन. मुख्याध्यापिकांनी दुसऱ्या दिवशी तिला बोलावून घेतलं. ती परत आली ती हसत. "म्हणतात, डबे महत्त्वाचे की दगड? मी म्हटलं, हा प्रश्न तुम्ही मला शाळेत विचारताय, मॅडम?"

दुसरी गोष्ट संमतीपत्राची. सहलीआधी पालकांची सही लागायची. दरवर्षी एखादा बाप सही द्यायचा नाही. त्या वर्षी मखमलाबादच्या मनीषाचा. वत्सला मला सोबत घेऊन गेली. द्राक्षबाग, अंगणात क्रेट रचलेले. बाप नम्र होता. "बाई, पोरीला डोंगर काय नवा हाय का? आन् घरी लय काम हाय."

"डोंगर नवा नाही, दादा. तो किती जुना आहे ते दाखवायला नेतेय."

"पुढल्या साली नेऊ की."

"पुढच्या साली ती दहावीत. मग तुम्ही म्हणाल परीक्षा. मग म्हणाल लग्न. तुमचं 'पुढल्या साली' मला पाठ आहे." ती ओट्यावर बसली. "सही होईपर्यंत मी इथे आहे. चहा नको."

पाऊण तासाने सही झाली. येताना रिक्षात म्हणाली, "प्रेमळ माणूस होता. प्रेमळ माणसांशी भांडताना दम लागतो."

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे लागेल.

तिची स्वतःची इच्छा मात्र एकच होती. कॉलेजात असताना प्राध्यापकांनी एक छोटी फिल्म दाखवली होती, लाव्हा वाहतानाची. काळीपांढरी, आवाज नसलेली. तेव्हापासून तिला तो डोळ्यांनी पाहायचा होता. "अख्खा जिल्हा ज्याचा बनलाय ती वस्तू मी पाहिलेली नाही, आणि शिकवतेय," ती म्हणायची. "लाज वाटते मला." काशी, रामेश्वर, तिरुपती असल्या गोष्टींत तिला रस नव्हता. मैत्रिणी यात्रेला जायच्या तेव्हा ती सांगायची, "तिथे दगड कसला आहे ते बघून या."

नवरा होता तोवर जमलं नाही. त्याचं आजारपण सहा वर्षं चाललं. मग अभिजित अमेरिकेला गेला. तिथे ती दोनदा गेली, सहा-सहा महिने, एकेका नातीच्या जन्माला. डिंकाचे लाडू, बाळाची मालिश, कुकर. तिथून मला फोन करायची. "काय पाहिलंस?" विचारलं की म्हणायची, "खिडकीतून समोरचं गॅरेज. उत्तम आहे." दोन्ही वेळा अभिजित म्हणाला होता, पुढच्या वेळी नक्की. पुढच्या वेळी.

मग मागच्या वर्षी, धाकटी नात आठ महिन्यांची असताना, त्याने खरंच हवाईची तिकिटं काढली. फोनवर सांगितलं, "आई, तुझ्यासाठी जातोय." वत्सला आपल्या जिन्यातून मला हाका मारत वर आली. तिचे गुडघे दुखायचे, ती कधी वर येत नसे. त्या दिवशी आली. मी तिला नवे बूट घ्यायला कॉलेज रोडला घेऊन गेले. दुकानदाराने विचारलं, "आजी, मॉर्निंग वॉकसाठी का?" ती म्हणाली, "ज्वालामुखीसाठी. तळ जाड दे."

तिकडे काय झालं ते तिने मला एकदाच सांगितलं. परत आल्यावर तिसऱ्या दिवशी, माझ्या स्वयंपाकघरात, मेथी निवडताना. मी तुम्हाला तिच्याच शब्दांत सांगते.

"तिथला लाव्हा रोज वाहत नाही. कधी वाहतो, कधी आठवडेच्या आठवडे बंद. त्या बेटावर आमची एकच रात्र होती, आणि पोचलो त्याच दिवशी दुपारी सुरू झाला. हॉटेलातले लोक पळत सुटले. अभिजित ओरडला, आई, नशीब बघ तुझं! मी बूट घातले. आणि धाकटीला ताप भरला. फार नाही. पण तिथे धूर, गार वारा, तान्ह्या मुलाला कसं न्यायचं? श्वेता म्हणाली, मी थांबते. अभिजित फोनमध्ये रस्ता बघत होता. मोठी रडायला लागली, मम्मा पण हवी. आणि मी म्हणाले..."

तिने मेथीची जुडी परातीत आपटली.

"मी म्हणाले, तुम्ही जा, मी थांबते. मी म्हणाले, इंग्रजी! मला कुणी सांगितलं नाही. कुणी बसवलं नाही. हे तोंड आपोआप उघडलं. श्वेताने विचारलं, आई, नक्की ना? मी म्हटलं, मी काय, उद्या बघीन."

"मग उद्या?"

"पहाटेच बंद झाला. दुपारचं आमचं विमान."

 ती पुढे बोलत राहिली. "मी बूट घालून खुर्चीत बसले होते. पोरगी मांडीवर. खिडकीतून पार्किंग दिसत होतं. संध्याकाळी ते आले. अभिजित इतका खूश होता, इतका खूश. मोबाईल माझ्या डोळ्यांपुढे धरून म्हणाला, आई, बघ, तुझा लाव्हा. एवढासा. माझ्या तळहाताएवढा." मग अगदी हळू म्हणाली, "एकदा तरी त्याने म्हणायचं ना गं, आई, चूप बस, बूट घातलेस ना, चल. मी सुरेखाला म्हटलं होतं तसं."

अभिजित वाईट मुलगा नाही. याचीच मला सगळ्यात जास्त चीड येते. वाईट असता तर तिने त्याला सोलून काढलं असतं. तो रोज फोन करायचा, औषधं पाठवायचा, आणि आपण आईला लाव्हा दाखवला असं त्याला मनापासून वाटत होतं. तो तिला बेटापर्यंत घेऊन गेला होता ना! शेवटचे पाच-सात मैल तेवढे राहिले, ते त्याच्या हिशेबातच नव्हते. घरातली बाई 'मी थांबते' म्हणाली की ते खरंच मानायचं, ही आपल्याकडच्या सभ्य घरांची रीत आहे. एकदा विचारायचं, 'नक्की ना?' आणि निघायचं.

ऑक्टोबरात वत्सलाने ठरवलं, आता आपलं आपण जायचं. इटलीच्या दक्षिणेला एक धुमसता पर्वत आहे, तिथे जाणारी सहल तिने पेपरात शोधली. आम्ही दोघी त्या सहलीच्या ऑफिसात गेलो. काउंटरवरची मुलगी गोड होती.

"आजी, सोबत कोण?"

"बाई म्हण. सोबत कुणी नाही."

"सत्तरच्या पुढे एकट्या असाल तर मुलाचं संमतीपत्र लागतं."

वत्सला काउंटरवर झुकली. "काय लागतं?"

"संमतीपत्र. मुलगा किंवा मुलगी. फक्त सही."

"बाळा, माझ्या मुलाच्या सहलींच्या कागदांवर मी सह्या केल्यात. आता माझ्या कागदावर तो करणार?"

"आमचा नियमच आहे, आजी."

तिने कागद आणला. अभिजितला फोटो पाठवला. त्याने तासाभरात फोन केला, काळजीने. "आई, या वयात एकटी? तुला काही झालं तर? आम्ही नेऊ ना पुन्हा. पुढच्या वर्षी नक्की." नंतर त्याने मला फोन केला. "मावशी, तुमचं ऐकते ती. समजवा ना."

आणि मी समजावलं. आर्या, निहार, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. मखमलाबादच्या ओट्यावर पाऊण तास जिच्या शेजारी बसले होते, तिच्यासाठी मी अमेरिकेला फोन करून साधं एवढंही म्हटलं नाही की अभिजित, सही कर, नाहीतर मी फोन ठेवणार नाही. उलट तिच्याकडे जाऊन म्हणाले, "अगं, प्रेमानेच म्हणतोय तो. असू दे."

तिने दार उघडं धरलं. "जा घरी, मालती."

इंग्रजी नाही, मालती म्हणाली. अकरा दिवस माझ्याशी बोलली नाही.

बाराव्या दिवशी अकरा-साडेअकराला खालून हाक आली, "ए इंग्रजी, भाजीला चल." गेले. दोघींनी काहीच विषय काढला नाही. मी मुळे घेतले, तिने वांगी, मुळे जून निघणार म्हणून मला बोलणी बसली, आणि मला बरं वाटलं. परत येताना आपल्या शेजारच्या प्लॉटपाशी ती थांबली. तिथे नव्या इमारतीचा पाया खणत होते. महिनाभर त्या ब्रेकरच्या आवाजाने सगळी सोसायटी वैतागली होती, तक्रारीच्या अर्जातलं इंग्रजी मीच नीट करून दिलं होतं. दुपारची जेवणाची सुट्टी होती. यंत्र बंद. पत्रा एका बाजूने सरकवलेला. वत्सलाने आत डोकावलं आणि तशीच उभी राहिली.

"अगं, पट्टा," ती म्हणाली.

खड्डा चांगला दोन मजले खोल होता. ताजा कापलेला काळा कातळ, ओला, आणि त्याच्या मधोमध आडवा लाल पट्टा. ब्रह्मगिरीवर होता तसा. आपल्या बेडरूमच्या भिंतीपासून वीस पावलांवर.

डंपर उतरवायला केलेल्या उतारावरून ती निघाली. सावलीत भाकरी खात बसलेला सुपरवायझर उठला. "आज्जी, खाली नका जाऊ, घसरण हाय."

"तू जेव. मी काही नेत नाही तुझं."

ती काठी टेकत चार पावलं उतरली. मी वरच होते. हातात माझी पिशवी होती, तिचीही मीच घेतली होती. आणि मी म्हणाले. कोणी सांगितलं नव्हतं, तोंड आपोआप उघडलं. "तू जा. मी पिशव्या सांभाळते."

ती वळली. तो चेहरा मी कधी विसरणार नाही. तिसऱ्या बाकावरच्या मुलीला ओरडावं तशी ती मला ओरडली, नववी 'ब'ला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "ठेव त्या पिशव्या! ठेव म्हणते ना! तुला काय मरेपर्यंत तेच करायचंय?"

भाकरी खाणारे सगळे आमच्याकडे बघायला लागले. मी पिशव्या ठेवल्या. साडी धरून, एकेक पाऊल टाकत उतरले. तिने हात दिला नाही. खाली पोचल्यावर तिने माझा तळवा धरून त्या लाल पट्ट्यावर दाबला, मग वरच्या काळ्या दगडावर. गार होता, आणि खरखरीत.

"हा वाहत आला," ती म्हणाली. "इथून. तुझ्या घराखालून. आता सांग, कशावर उभी आहेस?"

"लाव्ह्यावर."

"एकतीस वर्षं लागली तुला," ती म्हणाली, आणि कातळाकडे तोंड करून उभी राहिली. दोन्ही तळवे त्यावर. पायात ते जाड तळाचे बूट होते. त्या दिवशी लक्षात आलं, ती ते रोजच घालायची.

त्यानंतर नवव्या दिवशी ती झोपेत गेली.

अभिजित परवा जाण्याआधी मला भेटायला येणार आहे. त्या फोटोत ती नाही, हे मी त्याला सांगणार आहे. तो रडेल. रडू दे. आणि तुमच्या बाबाने मेमध्ये मला तिकडे बोलावलंय, डोंगरात फिरायला न्यायचं म्हणतोय. मी येते. पण तिथे 'मी थांबते' असं माझ्या तोंडून निघालं, तर आर्या, तू माझं काही ऐकू नकोस. मला ओरड. कसं ओरडायचं ते वर लिहिलंय.

वत्सला आठवली की मला दिसते ती अशी, खड्ड्यात, माझ्याकडे पाठ करून. तिच्या वर कापलेल्या कड्याच्या टोकाला, उन्हात, आमच्या दोन्ही पिशव्या पडल्या होत्या. माझ्या पिशवीतले मुळे बाहेर घरंगळले होते. एक गाय ते खात होती. आम्ही दोघींनी पाहिलं. कुणीही वर गेलं नाही.